लाल मिनी, पांढरा टप: क्लिअर आधी ठरवून रंगवलेल्या गाडीच्या नोंदी

७ जून

डबा उघडला. १/२४ स्केलची मिनी कूपर एस, १९६७ची माँटे कार्लो रॅली जिंकलेली गाडी. नंबरप्लेट एलबीएल ६डी, दारांवर १७७. खरी मिनी तीन मीटर पाच सेंटिमीटर लांब, म्हणजे मॉडेल पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास, तळहातावर बसेल एवढं. अंग टार्टन रेड, टप ओल्ड इंग्लिश व्हाइट. १९६६च्या रॅलीत मिनींनी पहिल्या तिन्ही जागा पटकावल्या होत्या आणि हेडलाइटच्या नियमावरून तिन्ही गाड्या बाद झाल्या. म्हणून पुढच्या वर्षी उट्टं काढणाऱ्या या गाडीवर माझा जरा जास्त जीव आहे.

डबा दुसऱ्या हातचा, पण आतलं सगळं शाबूत. प्लॅस्टिक मुळातच लाल. लाल गाडीला लाल प्लॅस्टिक, बरंच झालं, असं वाटलं. टप पांढरा करायचाय हे आठवलं आणि बरं वाटणं संपलं.

मागच्या गाडीचा टप अजून डोळ्यांसमोरून जात नाही. काळं इनॅमल, सुरेख बसलेलं, तीन आठवडे वाळवलेलं. वरून लॅकर क्लिअरचा, म्हणजे चकाकीसाठीच्या पारदर्शक थराचा, दुसरा हात दिला आणि पाच मिनिटांत अख्खा टप भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखा सुरकुतला. रंगात खोट नव्हती, क्लिअरमध्येही नव्हती. दोघांची पत्रिका न बघता मी सोयरीक जमवली होती.

या वेळी उलटीकडून सुरुवात. आधी क्लिअर ठरवायचा, मग त्याच्याखाली कोणतं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) तग धरेल ते, मग रंग, सगळ्यात शेवटी प्रायमर. आणि हे सगळं ठरेपर्यंत बॉडीला हात लावायचा नाही.

८ जून

रंगांचा खण टेबलावर उपडा केला. बाटल्यांची वाटणी नावावरून करायला गेले आणि तिथेच फसले. ‘ॲक्रिलिक’ हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या बाटल्यांना लागतो. वायेहो या ब्रँडचं ॲक्रिलिक पाण्यातलं. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ बाटल्यांतलं अल्कोहोलवर चालणारं. आणि मिस्टर कलरमधलं रेझिनही (वाळल्यावर मागे उरून पापुद्रा होणारा भाग) ॲक्रिलिकच, पण सॉल्व्हंट लॅकरचा, झाकण उघडताच डोक्यात जाणारा. नाव रेझिनचं असतं, भांडण मात्र सॉल्व्हंटचं होतं.

म्हणून वाटणी थिनरवरून केली. पाण्याने पातळ होणारे एकीकडे, अल्कोहोलवाले त्यांच्या शेजारी, टर्पेंटाइनसारख्या थिनरचे इनॅमल तिसरीकडे, लॅकर थिनरवाले चौथीकडे. तामियाच्या थिनरमध्ये तर एका अक्षराचा घोळ आहे: एक्स-२० हा इनॅमलचा आणि एक्स-२०ए हा ॲक्रिलिकचा. दोन्ही बाटल्यांवर आता मार्करने मोठ्ठं ‘इ’ आणि ‘ॲ’ लिहून टाकलंय. स्प्रे कॅनमध्येही तोच प्रकार. टीएस मालिका आपल्या नेहमीच्या पॉलिस्टायरिनसाठी, पीएस मालिका रिमोटवरच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. पीएसचा सॉल्व्हंट पॉलिकार्बोनेटला धरून ठेवण्यासाठी बनवलेला. तो पॉलिस्टायरिनवर मारला तर पृष्ठभागच खातो.

कोण कसं वाळतं हे पुन्हा एकदा स्वतःसाठी लिहून ठेवते, कारण मागच्या वेळी इथेच चुकले.

लॅकरमधला सॉल्व्हंट उडून जातो आणि रेझिन मागे राहतं. बस्स. दुसरं काही घडत नाही. म्हणूनच महिन्यानंतरही त्यावर लॅकर थिनर पडला तर ते परत विरघळतं. नवा थर जुन्यात मुरतो आणि दोघांचा एकच थर होतो. इनॅमलचं तसं नाही. त्यातला सॉल्व्हंट काही तासांत जातो, बोटाला कोरडं लागतं, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन रेझिन आतून जुळत जातं आणि त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. ते अर्धवट जुळलेलं असताना वरून लॅकरचा तिखट सॉल्व्हंट आला की थर फुगतो. खाली चिकटलेला, बाजूला पसरायला जागा नाही, मग वर उचलला जातो. त्याच सुरकुत्या. उलट, पूर्ण वाळलेल्या लॅकरवर इनॅमल मारलं तर काही होत नाही, कारण इनॅमलच्या थिनरला लॅकर विरघळवता येत नाही. पाण्यातल्या ॲक्रिलिकचे कण पाणी गेल्यावर एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. खालच्या कोणालाही त्याचा त्रास नाही, पण वरून ओलं लॅकर आलं तर त्याचं स्वतःचं काही खरं नाही.

१२ जून

चमचे. प्लॅस्टिकचे वापरून फेकायचे चमचे म्हणजे फुकटात मिळालेलं बॉनेट: एकीकडे फुगीर, एकीकडे खोलगट, रंग कसा वाहतो ते लगेच दिसतं. पण सगळे चमचे सारखे नसतात. त्रिकोणातला आकडा ६ असेल तर पॉलिस्टायरिन, म्हणजे आपल्या मॉडेलचंच प्लॅस्टिक. ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन, ज्यावर रंग धरतच नाही, नखाने सोलून निघतो. त्यावर चाचणी केली तर चांगल्या रंगाला नावं ठेवून बसाल. आकडा नसेल तर वाकवून बघायचं. ६ नंबरवाला कडक असतो, काटकन मोडतो. ५ नंबरवाला लवतो आणि वाकतो त्या जागी पांढरा पडतो.

सात नवे चमचे साबणाने धुतले, एकसारखा राखाडी प्रायमर दिला, मागे सुईने नंबर कोरले. मार्करने लिहिलेला नंबर थिनर लागला की पुसला जातो, हे शहाणपण जुनं.

आज रंग दिले: १, ६, ७, ८ वर लॅकर लाल. २ आणि ३ वर पाण्यातलं ॲक्रिलिक. ४ वर इनॅमल. ५ नंबरचा चमचा मागच्या गाडीच्या वेळचा, दोन महिन्यांपूर्वीच्या काळ्या इनॅमलचा. पोरीने तो जपून ठेवला होता, कशासाठी ते तिलाच ठाऊक.

१५ जून

६, ७, ८ वर डेकल लावली. शीटवर न लागणारे जास्तीचे तुकडे होते, तेच. बाकीच्यांवर क्लिअर.

१ वर अपेक्षेप्रमाणे सगळं सुरळीत. लाल आणि क्लिअर एकजीव.

२ वर ॲक्रिलिकवर लॅकर क्लिअरचे चार धुक्यासारखे हलके हात, प्रत्येक हात जवळजवळ कोरडाच पडेल इतक्या अंतरावरून. टिकला. ३ वर तोच क्लिअर एका ओल्या हातात. दहा मिनिटं छान चकाकत होता, नंतर कडेपासून केसाएवढ्या भेगा पडत गेल्या. म्हणजे ‘ॲक्रिलिकवर लॅकर चालतं का’ या प्रश्नाला हो-नाही असं उत्तरच नाही. किती ओलं आणि किती वेळ ओलं, एवढाच प्रश्न आहे.

४ वर, तीन दिवसांच्या इनॅमलवर, पहिला हलका हात पडला तेव्हा काहीच झालं नाही. दुसरा हात जरा सढळ दिला आणि डोळ्यांदेखत खेळ सुरू झाला. आधी मधोमध चकाकी मेली. मग तिथे एक बारीक उंचवटा आला. मग त्याच्यापासून चहूबाजूंना रेषा फुटत गेल्या, वाळलेल्या तळ्याच्या तळासारख्या. मिनिटभरात चमचा गेला. ५ नंबरचा, दोन महिन्यांचा, बराच सोशीक निघाला. फक्त जिथे रंग जाड साचला होता त्या टोकाला एक सुरकुती. ती एक सुरकुतीच मला पुरे आहे. गाडीवर रंग जाड साचायच्या जागा ढीगभर असतात.

या गाडीत क्लिअरच्या खाली इनॅमल येणार नाही. ठरलं.

१९ जून

डेकलवाले चमचे चार दिवस वाळवून मग क्लिअर मारला. डेकलच्या खाली पाण्याचा थेंब अडकला आणि वरून क्लिअर बसला की तो पुढे फोडासारखा वर येतो, म्हणून घाई केली नाही.

६ वर लॅकरचा एकच ओला हात. डेकलची पारदर्शक कड आधी मऊ पडली, मग आत वळली, आणि पांढऱ्या अक्षरांवर विजेच्या रेषेसारख्या बारीक चिरा गेल्या. भिंगाखाली बघितलं तर शाई तुटलेली नव्हती. शाईखालचा पापुद्रा आखडला होता आणि शाईला ओढून घेऊन गेला होता.

७ वर तोच क्लिअर, तीन हलके हात वीस वीस मिनिटांनी, मग रात्रभर विश्रांती, मग ओला हात. डेकल जागच्या जागी. ८ वर पाण्यातला क्लिअर, डेकलला ढिम्म काही झालं नाही.

यात एक गोष्ट हाताला लागली. हलक्या हातांसाठी क्लिअर साध्या, लवकर उडणाऱ्या लॅकर थिनरने पातळ केला होता. एरवी मी सगळीकडे लेव्हलिंग थिनर वापरते, कारण त्यात रिटार्डर असतो, रंग जास्त वेळ ओला राहतो आणि सपाट बसतो. पण डेकलच्या दृष्टीने तेच वाईट. सॉल्व्हंट जितका वेळ वर रेंगाळेल तितका खाली शिरेल. म्हणून डेकलवर पहिले हात जलद थिनरमध्ये आणि शेवटचा चकाकीचा हात सावकाश थिनरमध्ये. बाटली तीच, थिनर दोन.

२० जून

क्लिअरचा निकाल. तीन उमेदवार होते.

पाण्यातला क्लिअर डेकलला सगळ्यात सोसणारा, घरात मारायलाही सोपा. पण माझ्याकडचा नीट पॉलिश होत नाही. पापुद्रा रबरासारखा, पॉलिश पेपरखाली घासला न जाता गोळा होतो. डॅशबोर्ड आणि सीटसाठी ठीक, बॉनेटसाठी नाही.

टू-के युरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर. चकाकी अशी की बोट लावायला भीती वाटावी. तो रासायनिक जुळणीने कडक होतो, त्यामुळे नंतर पेट्रोल-थिनर कशालाही दाद देत नाही. मिसळल्यावर ठरावीक वेळात संपवावा लागतो, नाहीतर एअरब्रशच्या आत घट्ट होतो. पण माझं नाही म्हणण्याचं कारण वेगळं आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा वास पटकन कळत नाही, आणि एकदा शरीर त्यांना बिथरलं की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही दम्यासारखा त्रास होऊ शकतो. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. माझ्याकडे कार्बन फिल्टरचा मास्क आणि खिडकीत लावलेला पंखा आहे. लॅकरसाठी ते चालतं, यासाठी नाही.

शिवाय ही गाडी १९६७ची. त्या काळच्या एकरंगी गाड्यांवर वेगळा क्लिअर नसायचाच. रंगच पॉलिश केलेला असायचा. आणि स्केलचा हिशेब बघा: मॉडेलवर क्लिअरचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या गाडीवर तो २.४ मिलिमीटर. दारांच्या फटी भरून जातात, गाडी काचेत बुडवून काढल्यासारखी दिसते.

मग क्लिअर हवाच कशाला? डेकलसाठी. कडा झाकायला आणि आकड्यांची चकाकी बाकीच्या दाराशी जुळवायला. तेवढ्यापुरता, पातळ, लॅकरचा.

क्लिअर लॅकर म्हटल्यावर खालचा रंगही लॅकर, प्रायमरही लॅकर. मागे मोजत आल्यावर निवड करण्यासारखं काही उरलंच नाही.

२३ जून

बॉडी साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातघासणीने घासली. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा गेला नाही तर रंग त्या जागी फाकतो, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. मोल्डच्या रेषा ८०० च्या पेपरने उतरवल्या. मिनीच्या अंगावर मात्र खऱ्याच उभ्या शिवणी आहेत, पत्रे बाहेरच्या बाजूने जोडल्याच्या. मोल्डची रेषा समजून त्या घासायला घेतल्या नाहीत म्हणजे मिळवली. एक पाव मिलिमीटर तरी घासून बसले, मग लक्षात आलं.

त्याच दिवशी लाल स्प्रूच्या (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) एका तुकड्यावर थेट पांढरं लॅकर मारलं.

२४ जून

सकाळी तुकडा गुलाबी. रात्री झोपताना पांढरा होता.

लाल प्लॅस्टिकमधला रंग लॅकरच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतो आणि सॉल्व्हंट वर निघताना त्याच्याबरोबर वर येतो. वरून आणखी पांढरं चढवून उपयोग नाही. प्रत्येक हाताबरोबर नवा सॉल्व्हंट खाली जातो आणि नवा लाल घेऊन वर येतो. हा प्रकार मधे पडदा घातल्याशिवाय थांबत नाही.

पडदा म्हणजे चंदेरी. त्यातले धातूचे चपटे कण खवल्यांसारखे एकावर एक बसतात आणि वाट अडवतात. दुसऱ्या तुकड्यावर प्रायमर, चंदेरीचे दोन हात, पांढरा प्रायमर, वर पांढरं. आता दोन दिवस वाट.

२६ जून

तुकडा पांढराच. बॉडीवर तोच क्रम चढवला. चंदेरी मिनी दिसायला इतकी छान की क्षणभर तशीच ठेवावी वाटली.

३० जून

टपाचा पांढरा. ओल्ड इंग्लिश व्हाइट हा दुधाळ पांढरा नाही, किंचित पिवळट आहे. शुद्ध पांढऱ्यात पिवळ्याचे आणि मातकट तपकिरीचे थेंब घालून जुळवला. रंग एक, थिनर दीड, दाब साधारण एक बार, सुई ०.३. चार हात.

आधी पांढरं आणि मग लाल, हा क्रम जाणूनबुजून. लालवर पांढरं लॅकर मारलं असतं तर लाल परत विरघळून वर आलं असतं, म्हणजे प्लॅस्टिकचीच गोष्ट रंगाने केली असती.

४ जुलै

टप झाकला. मिनीच्या टपाभोवती पन्हळ आहे, रंगाची हद्द तिथेच येते, त्यामुळे टेप सरळ बसवायला आधार मिळाला. टेपच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात. जे काही टेपखाली झिरपायचं असेल ते पांढरं झिरपू दे, लाल नको.

मग लाल. बाहेर पाऊस, आर्द्रतामापकावर ८१ टक्के. थांबायला हवं होतं. थांबले नाही.

बाजू आणि बॉनेट ठीक, पण डिकीचं झाकण वाळताना पांढुरकं झालं, श्वास सोडलेल्या आरशासारखं. सॉल्व्हंट भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. पांढऱ्यावर हे कळलंही नसतं. लालवर लपत नाही.

५ जुलै

पाऊस थांबला, ६० टक्के. डिकीवर नुसता लेव्हलिंग थिनर, रंग न घालता, लांबून एक धुक्याचा हात. थर पुन्हा ओला झाला, अडकलेली वाफ सुटली आणि झाकण परत लाल झालं. ज्या गुणामुळे लॅकर दुसऱ्यांचं वाटोळं करतं, त्याच गुणाने आज स्वतःला वाचवलं.

टेप काढली. मागच्या काचेच्या कोपऱ्यात मोहरीएवढा लाल शिरला होता. ३००० च्या पेपरच्या टोकाने काढला.

९ जुलै

वाळलंय का हे बघायला नख लावायची माझी वाईट सवय. त्यापेक्षा नाक बरं. सॉल्व्हंट निघत असेपर्यंत वास येतो. पण वर्षानुवर्षं थिनर हुंगून माझं नाक बोथट झालंय, म्हणून पोरीला बोलावलं. बॉडी उलटी करून नाकाला लावली.

“येतोय गं आई, अजून येतोय.”

“कुठे? बाहेरून की आतून?”

“आतून. टपाच्या खाली जरा जास्त.”

टपावर थर जाड आहेत: प्रायमर, चंदेरी, पुन्हा प्रायमर, वर पांढऱ्याचे चार हात. बरोबर बोलली. आणखी चार दिवस.

१३ जुलै

“आता नुसता डब्याचा वास.” परवानगी मिळाली.

डेकल लावायला पृष्ठभाग चकचकीत हवा. खरखरीत रंगावर डेकलखाली हवेचे बारीक बुडबुडे राहतात आणि ती चंदेरी चमकतात. लॅकर लाल पुरेसं चकचकीत होतं, म्हणून मधे वेगळा क्लिअर घातला नाही. दाराच्या कडेवर आणि बिजागरीवर १७७ बसवायला मिस्टर मार्क सॉफ्टर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रावण, तेही बेताने. डेकल सुरकुतलं तर घाबरून हात लावायचा नाही, ते स्वतःच ताणून बसतं. जास्तीचा ओलावा टिपला, दुसऱ्या दिवशी पुसून घेतलं.

१८ जुलै

क्लिअर. आर्द्रता ५८. सकाळी जलद थिनरमध्ये तीन हलके हात. डेकलवर ते पडताना दार खरखरीत दिसतं, वाळूसारखं, आणि मन म्हणतं की एक ओला हात दे, सगळं सुटेल. ६ नंबरचा चमचा समोर उभा करून ठेवला होता.

१९ जुलै

सावकाश थिनरमध्ये दोन ओले हात, अर्ध्या तासाच्या अंतराने. १७७ शाबूत. डाव्या चाकाच्या कमानीवर एक ओघळ यायला लागला, लगेच गाडी उलटी धरली, परत गेला. ताटलीखाली झाकून ठेवली, दर दोन तासांनी उघडून न बघण्याची शपथ घेतली आणि मोडली.

९ ऑगस्ट

तीन आठवडे. पॉलिशला सुरुवात: ४०००, ६०००, ८०००, पाण्यातून, मग कंपाउंड. लालवर काम सोपं आहे, कारण कापडावर लाल डाग दिसला की क्लिअर संपला हे कळतं. टपावर असा कोणी सांगणारा नाही. तिथे पंचवीस फेऱ्या मोजल्या आणि थांबले.

आणि शेवटी पुढच्या काचेशेजारच्या उभ्या शिवणीवर गेलाच. केसाएवढी रेषा, लालातून खालचं पांढरं डोकावतंय. उंच कडेवर क्लिअर मुळात पातळ बसतो आणि पॉलिश सगळ्यात आधी तिथेच लागतं. शिवणींवर आधीच टेप चिकटवून मग घासायला हवं होतं. लालाचा एक थेंब, भरपूर थिनर, अगदी बारीक ब्रशने कडेवर ओढला. लॅकरवर लॅकर, त्यामुळे कड दिसत नाही. दोन दिवसांनी त्यावर ब्रशनेच क्लिअर.

१२ ऑगस्ट

दारांच्या फटीत काळपट तपकिरी इनॅमल वॉश, म्हणजे फटी उठून दिसाव्यात म्हणून सोडलेला अगदी पातळ रंग. क्लिअरच्या वर, खाली नाही. खाली दिला असता तर चौथ्या चमच्याचीच गत. आता लॅकर पक्कं आहे, फटीबाहेर आलेला वॉश इनॅमल थिनरच्या बोळ्याने पुसला गेला आणि खालच्या थराला पत्ताही लागला नाही. खिडक्यांचे रबर पाण्यातल्या काळ्या ॲक्रिलिकने हाताने. ग्रिल आणि बंपरवर क्रोम शेवटी, आणि त्यावर काहीही नाही. आरशासारख्या क्रोमवर क्लिअर मारला की ते साध्या चंदेरीवर येतं.

१७ ऑगस्ट

चाकं, काचा, पुढचे रॅलीचे दिवे बसले. बॉडी चासीवर चढवण्याआधी टपाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही, बारीक अक्षरात लिहिलं: राखाडी प्रायमर, चंदेरी, पांढरा प्रायमर, पांढरं, लाल, डेकल, क्लिअर, सगळं लॅकर, वॉश इनॅमल, सर्वात वर. पुढे कधी कोणाला दुरुस्ती करावी लागली तर थिनरची बाटली उघडण्याआधी त्याला बॉडी उलटी करून एवढं वाचता येईल.

पोरीने सहा नंबरचा चमचा मागून घेतला. पाचवा आधीपासून तिच्याकडेच होता.